परीक्षकांच्या टेबलावरचं पहिलं पान

पेशवाईत श्रावण लागला की पुण्याच्या वाटा शास्त्रीपंडितांनी भरून जात. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई. वेद, व्याकरण, न्याय यांत ज्याची गती मोठी, त्याच्या पदरात जास्त पडे. १८१८ मध्ये राज्य बुडालं, तरी इंग्रज कारभारी एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही. रक्कम आटली, नियम बदलले, याच निधीतून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे १८४९ च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या विचाराच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठीत नवे ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी पुणं खवळलं. पण मागणी मान्य झाली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली.

मराठी लेखकाने हस्तलिखित घेऊन परीक्षकांसमोर जायचं, परीक्षकांनी ते वाचून निकाल द्यायचा, ही रीत इथून पक्की झाली. धर्माचा पैसा ग्रंथकारांकडे वळला, हा बदल मोठाच होता. त्याच्याबरोबर एक प्रश्नही जन्माला आला आणि तो मराठी कथा-कादंबरीच्या मागे दीडशेहून अधिक वर्षं चालत आला आहे. समोर आलेलं लेखन आजवर पाहिलेल्या कुठल्याच लेखनासारखं नसेल, तर परीक्षकाने काय करायचं?

पहिली कसोटी चारच वर्षांत आली. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीकडे पाठवलं. त्याची सुरुवात आजही थेट वाटते. नवरा घरी नाही, बायको गरोदर आहे आणि एक जोशी दारात येऊन उभा राहतो. पोटातल्या बाळाच्या ग्रहांची भीती घालून तो त्या कुणबी घराला खर्चात कसा पाडतो, हे नाटक पायरीपायरीने दाखवतं. मध्येमध्ये विदूषक शिरून प्रेक्षकांना डोळे उघडायला लावतो. शेवटी नवराबायको दोघंही फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. कमिटीने नाटक नाकारलं. फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त याची नोंद ठेवली आहे. कमिटीतल्या आग्रही ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियन गृहस्थांचं काही चाललं नाही, असं त्यांचं म्हणणं. ते नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडलं. मराठी लेखनाच्या आधुनिक बक्षिसांच्या इतिहासात सर्वांत दूरदृष्टीचं एक लेखन असं आरंभीच दाराबाहेर राहिलं.

कादंबरी तेव्हा नुकती चालू लागली होती. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आलं. पुस्तकाच्या नावातच हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं निरूपण करण्याचा हेतू जाहीर केलेला होता. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगावी तिला भेटणाऱ्या विधवांच्या हकिगती कादंबरीचा पट भरत जातात. त्यानंतर आलेल्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’ (१८६८) या मात्र अद्भुताच्या, योगायोगाच्या, राजकन्यांच्या आणि संकटांच्या कादंबऱ्या. रा. भि. गुंजीकरांनी स्वतः सुरू केलेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून ‘मोचनगड’ (१८७१) लिहिली आणि शिवकाळातला एक डोंगरी किल्ला मराठी कादंबरीत आणून ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. पंधरा वर्षांच्या आत सामाजिक, अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक अशा तीन जाती तयार झाल्या. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहिला, म्हणजे या नव्या प्रकाराची चिकित्साही लगोलग सुरू झाली होती.

यानंतर परीक्षक बदलला. तो कमिटीच्या खोलीतून उठून घराच्या ओसरीवर आला.

हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापायला घेतली. त्याआधी ‘पुणे वैभव’मधली त्यांची ‘मधली स्थिती’ (१८८५) ही रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या वळणावर बेतलेली होती. ‘पण लक्षात कोण घेतो!’ने ते वळण सोडलं. यमू स्वतःच बोलू लागते, तेही लहानपणापासून. भावाबरोबरची भांडणं, घरातल्या बायकांचं बोलणं, मोठ्यांची जरब अशा वाटेने वाचक हळूहळू आत जातो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. लग्न, सासर, वैधव्य हे सगळं पुढे येणारच असतं. पण आधी त्या मुलीचा आवाज ओळखीचा व्हावा लागतो, हे हरिभाऊंनी जाणलं होतं. क्रमशः लिहिणाऱ्याला पहिल्या दोन-तीन अंकांतच वाचक धरून ठेवावा लागे. अंक विकत घेणारा प्रत्येकजण दर आठवड्याला निकाल देत होता. कादंबरी पुस्तकरूपाने १८९३ मध्ये आली. त्याच लेखणीने ‘उषःकाल’सारखी ऐतिहासिक कादंबरीही लिहिली आणि दोन्ही प्रकारांना तोलाचा मान मिळवून दिला.

मासिकांनी कथेला घर दिलं. काशिनाथ रघुनाथ आजगावकर बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी ‘मित्र’ हे आडनाव लावू लागले, १८९५ मध्ये त्यांनी ‘मनोरंजन’ काढलं आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक आणला. मराठीतली दिवाळी अंकांची परंपरा त्या अंकापासून मोजली जाते. कथाकाराला आता वर्षाचा एक हंगाम मिळाला. एकाच अंकात दहा-पंधरा कथा शेजारी शेजारी छापल्या गेल्या, की वाचक पहिला परिच्छेद वाचून पान उलटायचं की थांबायचं ते ठरवतो. कथेच्या सुरुवातीला इतकं मोल आलं ते या शेजारामुळे. १९३१ साली ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीची सुरुवात, गुंफण आणि शेवट कसा साधावा याची शिकवणच मांडली. आकर्षक आरंभ आणि अखेरीची कलाटणी ही फडक्यांची तंत्रनिष्ठा पुढच्या नवकथाकारांनी नाकारली. तरीही सुरुवातीवर एवढा विचार करता येतो, हे मराठी लेखकाला आधी फडक्यांनीच दाखवलं होतं.

१९५९ या एका वर्षात मराठीत दोन कादंबऱ्या आल्या आणि दोघींनाही पुढे मोठे पुरस्कार मिळाले. त्या शेजारी ठेवून वाचल्या, तर कादंबरी किती वेगवेगळ्या दारांतून सुरू होऊ शकते ते दिसतं.

पहिली वि. स. खांडेकरांची ‘ययाती’. महाभारतातला राजा इथे स्वतः बोलू लागतो आणि आपल्या वासनेचा, भीतीचा हिशेब मांडतो. मग देवयानी बोलते, मग शर्मिष्ठा. एकाच घडामोडीच्या तीन बाजू तीन आवाजांतून उलगडत जातात. पौराणिक कथा वाचकाला ठाऊक असते. पुढे काय होणार ही उत्सुकता लेखकाच्या हाती उरत नाही. म्हणून खांडेकरांनी सगळी भिस्त कोण बोलतंय यावर ठेवली. ‘ययाती’ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना जाहीर झाला. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ.

दुसरी अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’. अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, शाळेत जेमतेम पाऊल टाकलेले, मुंबईच्या गिरणगावात आणि घाटकोपरच्या चिराग नगरात राहून लिहिणारे. ‘फकिरा’ची सुरुवात राजवाड्यात होत नाही. शिगावच्या जत्रेतली जोगणी वाटेगावात आणायची, म्हणजे जत्रेचा मान आपल्या गावाला मिळेल, या जिद्दीने राणोजी मांग शत्रूच्या गावात शिरतो. जोगणी गावाला मिळते, राणोजीचं डोकं जातं. बापाचं हे बलिदान आधी घडतं आणि मग त्याच्या मुलाची, फकिराची, गोष्ट सुरू होते. उपासमार, इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरची हजेरीची सक्ती आणि त्याविरुद्धचं बंड, या सगळ्याला त्या पहिल्या प्रसंगाची धग पुरते. १९६१ मध्ये ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाला प्रस्तावना होती वि. स. खांडेकरांची. १९५९ च्या दोन वेगळ्या टोकांच्या कादंबऱ्या अशा एकमेकींना भेटल्या. दक्षिणा प्राइझ कमिटीने ‘तृतीय रत्न’ परत पाठवल्याला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं लोटली होती.

साठच्या दशकात पुरस्कारांचं क्षेत्र रुंदावत गेलं. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने (१९६२) माधवराव पेशव्यांच्या अल्प आयुष्याला घराघरांत पोचवलं आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. ऐतिहासिक कादंबरीला असा मान मिळत असताना १९६३ मध्ये दोन पुस्तकं वेगळ्याच वाटेने आली. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर स्वतःची ओळख करून देतो आणि ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ अशा शब्दांच्या आधाराने सबंध जगाविषयीचा आपला अविश्वास बोलू लागतो. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या संग्रहाने दलित जगण्यातला अपमान आणि संताप कुठलीही सजावट न करता कथेत आणला. या दोन पुस्तकांनंतर मराठीत निवेदकाने आपली ओळख करून देण्याची रीतच पालटली.

या साऱ्या काळात काही प्रकार पुरस्कारांच्या वाटेवर फारसे दिसत नव्हते, मात्र वाचले भरपूर जात होते. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा, त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक, नारायण धारपांच्या भयकथा, ‘नवल’सारख्या मासिकांतलं अद्भुत. यांचे परीक्षक होते फिरत्या वाचनालयांचे वर्गणीदार. पहिल्या पानावर प्रेत नसेल किंवा बंद वाड्यात दिवा दिसत नसेल, तर दुसऱ्या दिवशी पुस्तक परत येई. या लेखकांनी वाचकाला पहिल्या ओळीपासून खेचून नेण्याची शिस्त मराठीत मुरवली. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी पुढे ती अधिक घोटीव केली.

पुरस्कार मिळणं आणि तो घेणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हेही या काळाने पाहिलं. धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी एकांतप्रिय. त्यांच्या ‘काजळमाया’ या कथासंग्रहाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुस्तक नेमकं कधी प्रसिद्ध झालं यावरून वाद उठला. जीएंनी पुरस्कार परत केला. ‘काजळमाया’च्या वाचकांवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. त्यातल्या कथांच्या आरंभी येणारे वाटसरू, ओसाड प्रदेश आणि जुनी देवळं मराठी वाचकाच्या मनात कायमची राहिली.

आणि मग १९७४.

मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली होती. विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत न्यायचं हे तिचं काम, आणि त्यासाठी तिने विज्ञानकथांची स्पर्धाही सुरू केली. विज्ञानकथा मराठीला अगदीच नवी नव्हती. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा अवतार ‘केरळ कोकिळ’ मासिकात क्रमशः येऊन गेला होता, भा. रा. भागवतांनी मुलांसाठी व्हर्न मराठीत आणला होता आणि धारपांनीही या प्रांतात लिहिलं होतं. मात्र गंभीर वाचक आणि समीक्षक यांच्या लेखी तो लहान मुलांचा किंवा भाषांतराचा मामला होता.

जयंत विष्णू नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. फ्रेड हॉयल यांच्याबरोबरच्या कामामुळे त्यांचं नाव घरोघरी माहीत झालेलं. हॉयल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहीत, त्यामुळे शास्त्रज्ञाने कथा लिहिण्यात नारळीकरांना काही वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. अहमदाबादला एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी हाताशी असलेल्या कागदांवर कथा लिहायला घेतली. तिचं नाव ‘कृष्णविवर’. परिषदेच्या स्पर्धेला ती पाठवायची ठरली, तेव्हा त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली. नाव पाहूनच बक्षीस दिलं, तर त्या बक्षिसाला अर्थ काय? म्हणून त्यांनी नाव घेतलं नारायण विनायक जगताप. आपलीच आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. अक्षरही ओळखीचं वाटू नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहून घेतली.

जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं.

नारळीकरांची ही खटपट अनेकांना गमतीचा किस्सा वाटते. मराठी बक्षिसांच्या इतिहासात तिचं मोल त्याहून पुष्कळ मोठं आहे. १८५५ मध्ये हस्तलिखितामागचा माणूस कोण, हे परीक्षकांना पुरतं ठाऊक होतं. १९७४ मध्ये जगद्विख्यात माणसाने आपलं नाव मुद्दाम झाकलं आणि परीक्षकांच्या हाती फक्त मजकूर ठेवला. तो मजकूर वाचकाला तारा कोसळून उरणाऱ्या काळोख्या पोकळीकडे नेत होता आणि तिच्याजवळ काळ मंदावतो ही आइन्स्टाइनच्या सिद्धांतातली गोष्ट कथेच्या पोटात घालत होता. परीक्षकांनी ती कथा म्हणून वाचली आणि कथा म्हणून निवडली.

पुढचा प्रवास झपाट्याचा. मुकुंदराव किर्लोस्करांनी आपल्या ‘किर्लोस्कर’ मासिकासाठी नारळीकरांकडून कथा मागवल्या. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या विज्ञानकथांची दखल घेतली. आणीबाणीच्या विरोधामुळे लक्षात राहिलेल्या त्या संमेलनात, लोकसाहित्याच्या अभ्यासक असलेल्या दुर्गाबाईंना अंतराळातल्या कथेचंही मोल कळलं, हे त्यांच्या वाचनाच्या आवाक्याला शोभणारं होतं. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ मध्ये आला.

नारळीकरांच्या कथांच्या सुरुवाती पाहिल्या की त्यांचं यश कशात आहे ते उमगतं. ते अनोळखी यंत्राने किंवा समीकरणाने दार उघडत नाहीत. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे पुण्याहून मुंबईला आगगाडीने निघालेले असतात. गाडी मात्र आहे जिजामाता एक्स्प्रेस, डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान. एवढ्यानेच वाचकाच्या कपाळाला आठी पडते. पुढे ‘सरहद’ नावाचं स्थानक लागतं, तिथे ब्रिटिश मुलुखाची हद्द सुरू होते आणि मुंबईवर अजून ईस्ट इंडिया कंपनीचा झेंडा आहे हे कळतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर, हा मराठी मनातला सर्वांत दुखरा ‘जर’ या प्रवासातून हळूच समोर येतो. तिकीट, स्थानकं, सहप्रवासी हे सारं रोजच्या ओळखीचं, आणि त्या ओळखीतूनच अशक्य गोष्ट आत येते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’त क्रिकेट, गणपतीची मूर्ती आणि मितींचं गणित अशाच घरगुतीपणे एकत्र आले. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली सापडलेला लुप्त संस्कृतीचा ठेवा वाचकाला यंत्रमानवाच्या प्रश्नापर्यंत घेऊन जातो.

एका स्पर्धेने उघडलेल्या वाटेवरून पुढे बरेच जण चालले. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले बाळ फोंडके, भूशास्त्राचे निरंजन घाटे, रसायन अभियंते सुबोध जावडेकर, तसेच लक्ष्मण लोंढे, अरुण मांडे, शुभदा गोगटे यांनी विज्ञानकथेला प्रयोगशाळेबाहेर काढून दवाखान्यात, घरात, बाजारात आणलं. लोंढ्यांच्या ‘दुसरा आइन्स्टाइन’चं नाव आजही विज्ञानकथेच्या चर्चेत निघतं. फोंडक्यांनी १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह संपादित केला आणि मराठी विज्ञानकथा इतर प्रांतांत पोचली.

एवढं होऊनही मोठ्या पुरस्कारांची नजर सावकाशच वळली. २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार नारळीकरांना मिळाला, तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. त्यांनी ज्या प्रकाराला मराठीत उभं केलं, त्यातल्या पुस्तकाला तो मिळाला नाही. त्याच वर्षीचं ज्ञानपीठ ‘कोसला’ आणि ‘हिंदू’च्या नेमाड्यांना मिळालं. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांची निवड झाली. प्रकृतीमुळे त्यांना व्यासपीठावर येता आलं नाही, पण विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ त्या पदावर प्रथमच निवडला गेला होता. २० मे २०२५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

अलीकडच्या निवडींत खेड्यातलं आजचं जगणं पुन्हा पुढे आलं आहे. परभणीकडच्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ मध्ये अकादमीने गौरवलं. २०२३ मध्ये कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला हा मान मिळाला. धरणाने उठवलेल्या गावातले लोक जुन्या गावात मागे राहिलेली जनावरं परत आणायला जातात, तर ती रानटी झालेली असतात. विस्थापनाचा सगळा इतिहास खोत माणूस आणि म्हैस यांच्या या झटापटीतून सांगतात.

दिवाळी अंकांच्या आणि संस्थांच्या कथास्पर्धा महाराष्ट्रात आजही होत असतात. निकाल जाहीर होतात, बक्षिसाच्या कथा छापल्या जातात. त्या कथेबरोबर ती का निवडली याचं परीक्षकाचं पानभर निवेदनही छापलं, तर पुढच्या वर्षी कथा पाठवणाऱ्या नवख्या मुलाला किंवा मुलीला ते हाती लागेल, आणि नाकारलेल्या लेखनाबद्दलही त्याच मोकळेपणाने बोलता येईल. ‘तृतीय रत्न’बद्दल कमिटीत काय बोलणं झालं ते फुल्यांच्या लेखणीमुळे कळतं. कमिटीची बाजू तिच्याच शब्दांत वाचायला मिळाली असती, तर मराठी समीक्षेच्या हाती १८५५ सालचा एक अस्सल कागद आला असता.